घरी बांधलेलं हलकं विमान: देखभाल आणि बिघाड यांबद्दल खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि कधी थेट बऱ्हाणपूरकडूनही जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मुख्यतः रोटॅक्स ९१२ इंजिनाची आहेत, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तेच आहे. लायकमिंग या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाचं वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. आकडे तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. फरक दिसला तर पुस्तिकेचंच खरं.

१. घरी बांधलेलं विमान आपल्याकडे कायद्यानं उडवता येतं का?

येतं, पण डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) नोंदणी आणि उड्डाणाचा परवाना दोन्ही हातात आल्यावरच. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या सहा आसनी विमानाची नोंदणी नोव्हेंबर २०१७मध्ये झाली आणि २०२०मध्ये त्याची चाचणी-उड्डाणं आपल्या धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर झाली. तेव्हापासून इकडे हा विषय घराघरात पोचला. १ जानेवारी २०२५पासून १९३४च्या जुन्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम २०२४ने घेतली आहे, हेही ध्यानात असू द्या.

देखभालीच्या दृष्टीनं महत्त्वाचा कागद म्हणजे परवाना. विमान कुठे आणि कोणत्या अटींवर उडवायचं, कोणत्या कामावर कोणाची सही लागते, हे त्यावरच्या अटींतून ठरतं. इंजिन, पंखा (म्हणजे प्रोपेलर), टाकी किंवा पंखांची रचना यांत बदल करायचा असेल तर आधी विचारा, मग पाना हातात घ्या.

२. रोज उडण्याआधी नेमकं काय बघायचं? यादी खूप मोठी आहे, सगळं होत नाही.

सगळं होतं. रोज एकाच जागेवरून सुरुवात करा, एकाच दिशेनं फेरी मारा आणि त्या वेळात कोणाशी बोलू नका. मध्येच कोणी हाक मारली तर फेरी पुन्हा पहिल्यापासून.

इग्निशनची दोन्ही बटणं बंद आहेत ना, हे सर्वांत आधी. तरीही पंखा नेहमी जिवंत आहे असंच समजून वागा. बटणापासून इंजिनापर्यंतची तार मध्येच तुटली असेल तर बटण बंद दिसतं आणि ठिणगी मात्र चालूच राहते. मग टाकीच्या तळाचं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून उजेडात धरा आणि तळाशी पाण्याचा थेंब किंवा कचरा दिसतो का ते बघा.

रोटॅक्सचं तेल वेगळ्या टाकीत असतं, त्यामुळे नुसती पट्टी बुडवून खरा आकडा कळत नाही. पंखा हातानं सावकाश, फिरण्याच्याच दिशेनं फिरवत राहा. टाकीतून गुडगुड आवाज आला की तेल परत आलं, आता पट्टी बघा. उलट्या दिशेनं फिरवलं तर झडपांच्या तेलमार्गात हवा शिरते. खालच्या आणि वरच्या खुणेत जेमतेम ०.४५ लिटरचा फरक आहे, म्हणून अंदाजानं तेल ओतू नका.

आणि रोज आकडे लिहा. थंड इंजिनातला तेलाचा दाब, गरम झाल्यावरचा दाब, तेलाचं तापमान, पूर्ण थ्रॉटलला जमिनीवर मिळणारे आरपीएम. कंपनीच्या विमानाला शेकडो भावंडं असतात, त्यांच्या अनुभवातून सूचनापत्रकं निघतात. तुमचं विमान जगात एकटंच आहे. त्याची तब्येत बरी असताना ते कसं असतं, हे फक्त तुमच्या वहीत सापडणार. खालची निम्मी उत्तरं या वहीवर उभी आहेत.

३. तेल, फिल्टर, रबरी नळ्या किती तासांनी बदलायच्या?

रोटॅक्स ९१२चं तेल आणि फिल्टर दर १०० तासांनी. शिशाचं विमान-पेट्रोल वापरत असाल तर दर ५० तासांनी, कारण शिसं तेलात उतरतं आणि गिअरबॉक्सपर्यंत पोचतं. इंजिनाच्या रबरी नळ्या दर पाच वर्षांनी, मग तास कितीही कमी झालेले असोत. लायकमिंगला फिल्टर असेल तर ५० तास, नुसती जाळी असेल तर २५ तास, किंवा चार महिने, जे आधी येईल ते.

जुना फिल्टर फेकण्याआधी कापून उघडा आणि आतला कागद पसरून बघा. चुंबकाला चिकटणारे कण दिसले तर ते स्टीलचे आहेत, उड्डाण थांबवा.

हवेच्या फिल्टरला मात्र पुस्तिकेतलं अंतर आपल्याकडे पुरत नाही. मार्च ते जून मुरमाच्या धावपट्टीवरून उडत असाल तर तो वरचेवर बघावा लागतो. इंजिनाला आतून घासून खाणारी गोष्ट म्हणजे धूळ.

४. पंपावरचं साधं पेट्रोल चालेल का? मोटरसायकलला तर चालतं.

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

९१२च्या ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला किमान ९० ऑक्टेन लागतं, १०० अश्वशक्तीच्या ९१२ यूएलएसला किमान ९५. आपलं साधं पेट्रोल ९५ला पोचेलच असं धरून चालू नका. पण आता ऑक्टेनपेक्षा मोठी अडचण इथेनॉलची आहे. रोटॅक्सची परवानगी १० टक्क्यांपर्यंत आहे आणि पंपांवर आता सर्रास ई२०, म्हणजे २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. इंजिन त्यावर सुरू होईल, फिरेलही. बिघाड हळूहळू येतो. रबर फुगतं, काही प्रकारचे टाकीचे लेप सुटतात, फायबरच्या टाकीतलं रेझिन मऊ पडून गाळणीत चिकट थर जमतो.

दुसरा धोका पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. एका मर्यादेपर्यंत पाणी त्यात विरघळलेलं असतं, म्हणून प्रश्न २मधल्या बाटलीत ते दिसतच नाही. वर गेल्यावर पेट्रोल थंड होतं, मर्यादा ओलांडली जाते आणि पाणी व इथेनॉल एकत्र वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकीचा नळ तळाशीच असतो. शिवाय इथेनॉल निघून गेल्यामुळे वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घसरतं.

भारतात इंडियन ऑइल २०२२पासून १०० एलएल, म्हणजे कमी शिशाचं, विमान-पेट्रोल तयार करतं. मिळवायला खटपट पडते, महाग आहे आणि शिशामुळे तेल लवकर बदलावं लागतं. तरी अनोळखी मिश्रणापेक्षा ते बरं, असं माझं ठाम मत आहे. तेल बदलण्याचा खर्च आधी मोजता येतो, हवेत बंद पडलेल्या इंजिनाचा नाही.

५. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे, हे घरी कसं कळेल?

प्रयोगशाळेत मिळतो तसा खुणांचा काचेचा नळा घ्या. त्यात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घाला, बूच लावून हलवा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. पेट्रोल शुद्ध असेल तर खालचा थर १० वरच राहील. इथेनॉल असेल तर ते पाण्यात उतरतं आणि थर वाढतो. वाढ ९० मिलिलिटर पेट्रोलमागची आहे, टक्केवारी त्यावर काढा. आकडा ढोबळच येतो, पण १० आणि २० टक्क्यांतला फरक स्पष्ट कळतो. हे सगळं मोकळ्या हवेत करा, जवळपास विडी-काडी नको. प्रत्येक नव्या खेपेला चाचणी करा, पंप तोच असला तरीही.

६. पेट्रोल प्लास्टिकच्या कॅनमधून आणलं तर काय होतं?

मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की सदरा काढताना चटचट आवाज येतो. त्याच स्थिर विजेची ठिणगी प्लास्टिकच्या कॅनमधून ओतताना पडू शकते. धातूचा डबा वापरा आणि ओतण्याआधी डबा, गाळणी व विमान एकमेकांना तारेनं जोडून घ्या. विनापरवाना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल स्वतःसाठी ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यांत. धातूचं एक भांडं २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही.

७. सकाळी इंजिन झटक्यात सुरू होतं. दुपारी उतरून चहा घेतला की पुन्हा घेतच नाही, किंवा घेतलं तर फडफडतं. प्लग खराब असतील का?

प्लग बहुतेक ठीक असतात. इंजिन बंद झालं की थंड हवेचा झोत थांबतो, इंजिनाच्या झाकणाखालची उष्णता नळ्यांत शिरते आणि पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही. सर्वांत वाईट वेळ उतरल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाची.

उतरल्यावर नाक वाऱ्याकडे करा, झाकणातलं तेल तपासण्याचं छोटं दार उघडं ठेवा, सावली असेल तर सावलीत उभं करा. इलेक्ट्रिक पंप असेल तर सुरू करण्याआधी थोडा वेळ चालवा. टाकीकडे परत जाणारी नळी बसवलेली असेल तर वाफ तिकडून निघून जाते. नसेल तर ती बसवणं हाच कायमचा इलाज. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळीला अग्निरोधक वेष्टण घाला. सुरू झाल्यावर लगेच उडू नका. पूर्ण थ्रॉटलला थोडा वेळ स्थिर राहतं का ते जमिनीवरच बघा. ई२०मुळे हा त्रास वाढतो (प्रश्न ४).

इथेच पेट्रोलच्या प्रवाहाची चाचणीही करून टाका. शेपूट खाली करून विमान चढाईच्या कोनात ठेवा, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवा आणि मिनिटाला किती पेट्रोल येतं ते मोजा. पंप असलेल्या विमानात इंजिनाच्या कमाल गरजेच्या १२५ टक्के प्रवाह हवा, नुसत्या उतारानं येत असेल तर १५० टक्के. ९१२ यूएलएस पूर्ण ताकदीला तासाला सुमारे २७ लिटर पितं. म्हणजे पंपानं मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त यायलाच हवं.

८. डिसेंबरमध्ये विमान छान उचलतं, मेमध्ये पट्टी संपत आली तरी उठत नाही. इंजिनाची ताकद गेली का?

बहुधा नाही. जळगाव-भुसावळची समुद्रसपाटीपासूनची उंची सव्वादोनशे-अडीचशे मीटरच्या आसपास आहे. पण पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण सुमारे साडेचार हजार फुटांवर आहोत असं वाटतं. इंजिनाची सुमारे बारा टक्के ताकद जाते, पंखा कमी हवा पकडतो, पंखांना उचलायला जास्त वेग लागतो. तिन्ही मिळून धाव दीडपटीच्या आसपास जाते.

खात्री करायला वही उघडा. डिसेंबर आणि मे यांतले जमिनीवरचे कमाल आरपीएम जवळपास सारखे असतील तर दोष हवेचा. आरपीएम चांगलेच पडले असतील तर मात्र हवेचा फिल्टर, थ्रॉटल पूर्ण उघडतं का आणि प्रश्न १० व ११ बघा. एप्रिल-मेमध्ये सूर्योदयानंतरच्या दोन तासांत उडून घ्यावं. दुपारच्या वावटळी लहान विमानाला पट्टीवरच उलथवू शकतात.

९. तेलाचं आणि पाण्याचं तापमान हळूहळू वाढतंय. थर्मोस्टॅट बदलू का?

आधी रेडिएटरमागे टॉर्च धरा आणि पुढून बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत, जिनिंगच्या आसपास, हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. ते रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकतात आणि त्यावर धूळ बसून नमदा तयार होतो. मागच्या बाजूनं, म्हणजे हवेच्या उलट दिशेनं, हलक्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा मारला तर पापुद्रे दुमडतात.

रेडिएटर स्वच्छ असेल तर झाकणाच्या कडांभोवतीच्या फटी बघा. हवा नेहमी सोपी वाट धरते आणि फट मिळाली की रेडिएटरला वळसा घालून जाते. त्यानंतर शीतद्रवाची पातळी, रेडिएटरच्या झाकणाचा दाब आणि शेवटी खुद्द मापक. मापकाचा सेन्सर गरम पाण्यात थर्मामीटरसोबत बुडवून तपासता येतो. ९१२ यूएलएसला तेलाची कमाल मर्यादा १३० अंश आहे, पण ९० ते ११० मध्ये राहावं. तापमान एकाएकी चढलं आणि दाब पडला, तर ही यादी जमिनीवर उतरल्यानंतरची.

१०. मॅग्नेटो तपासताना आरपीएम किती पडले तर चालतील?

मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं जुन्या पद्धतीचं यंत्र. रोटॅक्सला खरं तर दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहेत, नाव तेवढं जुनं चिकटलं आहे. ४००० आरपीएमला एकेक बंद करून बघा. ३००पेक्षा जास्त पडू नयेत आणि दोन्हींतला फरक ११५च्या वर नको. लायकमिंगला साधारण १७५ आणि ५०.

जास्त पडले तर प्लग, प्लगची टोपी, मग तार या क्रमानं जा. लायकमिंगवर प्लगला शिसं चिकटलेलं असेल तर मिश्रण पातळ करून थोडा वेळ जरा जास्त आरपीएमला चालवल्यावर बऱ्याचदा साफ होतं.

आरपीएम अजिबात पडले नाहीत तर आनंद मानू नका. बहुधा ती इग्निशन बंदच होत नाही, म्हणजे प्रश्न २मधली तुटलेली तार. पंख्याला हात लावण्याआधी ती दुरुस्त करा.

११. कमी आरपीएमला इंजिन खूप थरथरतं. माऊंटचे रबर बदलले तरी तसंच.

९१२ला दोन कार्ब्युरेटर असतात आणि प्रत्येक दोन सिलिंडर सांभाळतो. केबलच्या ताणात किंचित फरक पडला की एक बाजू दुसरीला ओढते. दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम मापक लावून त्यांचा मेळ घाला. आधी उघड्या थ्रॉटलला केबल, मग आयडलचे स्क्रू. गिअरबॉक्सला सर्वांत जास्त मार या थरथरीचाच बसतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

मेळ बरोबर असूनही थरथर असेल, ओव्हरफ्लोतून पेट्रोल टपकत असेल, तर तरंगणारे फ्लोट काढून तोला. ते पेट्रोल पिऊन जड होतात. एका कार्ब्युरेटरच्या दोन्ही फ्लोटचं वजन मिळून ७ ग्रॅमच्या वर गेलं की बदलायचे. घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर हे कळणार नाही, ओळखीच्या सराफाकडे जा. जळगावात चांगल्या काट्याला तोटा नाही.

थरथर सगळ्याच आरपीएमला असेल तर पंख्याकडे वळा (प्रश्न १७).

१२. ऑगस्टमध्ये, गरमी नसताना, इंजिनचे आरपीएम हळूहळू उतरतात आणि खाली आल्यावर सगळं ठीक. काही सापडत नाही.

बर्फ. हवेत पंचवीस-अठ्ठावीस अंश आणि भरपूर ओलावा असताना कार्ब्युरेटरच्या गळ्यात तापमान शून्याखाली जातं आणि आत बर्फ धरतो. उतरेपर्यंत तो वितळलेला असतो, म्हणून मागे पुरावा राहत नाही. कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची सोय) अर्धवट न देता पूर्ण द्या. वितळलेलं पाणी इंजिनातून जाताना क्षणभर खडखड वाढते, तेव्हा घाबरून हीट बंद करू नका. तापीकाठच्या धुक्याच्या हिवाळी सकाळीही हेच लागू. विमानाला हीटची सोय नसेल तर पुढच्या पावसाळ्याआधी बसवून घ्या.

१३. पावसाळाभर विमान उभंच असतं. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालवतो, बरोबर ना?

हे चुकीचं आहे. पाच मिनिटांत आतला ओलावा उडून जात नाही, उलट ज्वलनाचं नवं पाणी आणि आम्ल तेलात मिसळतं. तेल १०० अंशांपर्यंत पोचलं तरच पाणी निघून जातं आणि त्यासाठी उडावंच लागतं. उडायचं नसेल तर सुरूच करू नका.

जूनआधी तेल बदला, म्हणजे जुन्या तेलातलं आम्ल आत राहणार नाही. कार्ब्युरेटर रिकामे करा, हवेची आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करा आणि त्यांवर लाल फीत लावा. बॅटरी काढून घरी न्या. कापडाचं आच्छादन असलेल्या विमानाला ऊन आणि ओल दोन्हींपासून जपा, कारण पॉलिएस्टरचं कापड उन्हानं आतून कमजोर होतं आणि वरून नवं दिसतं. अवकाळीच्या गारा, वादळ हे आपल्याकडे एप्रिलपासूनच सुरू होतं. केळीच्या बागा आडव्या करणारा वारा दोरीनं बांधलेल्या विमानाला काय करेल, याचा विचार करून खुंट्या खोल ठोका.

१४. वेगदर्शक काटा शून्यावरच राहतो.

कुंभारमाशी. पिटॉट नळी (वेग मोजायला समोरची हवा घेणारी), टाकीचा हवेचा श्वास (हवा आत येण्याचं भोक), कुठलंही बारीक भोक तिला घर वाटतं. नळीला जोरात फुंकर मारू नका, मापक फुटतं. मापकाकडून नळी सोडवा, मग उलट बाजूनं साफ करा. टाकीचा श्वास बंद झाला तर आधी काहीच कळत नाही आणि वर गेल्यावर पेट्रोल यायचं थांबतं. दोन्हींवर झाकण घाला आणि उडताना काढायला विसरू नका. इंजिनाच्या झाकणात मैना आणि खारी घरटी करतात, तेही एका रात्रीत.

१५. बोल्ट मागवायला महिना लागतो. एमआयडीसीत लेथवर तसाच बोल्ट करून घेतला तर?

आकार हुबेहूब येईल, धातू येणार नाही. एएन, म्हणजे विमानासाठीच्या प्रमाणित, बोल्टच्या डोक्यावर फुली किंवा तारा असतो. तो निकेल स्टीलचा, उष्णता-प्रक्रिया केलेला असतो आणि तुटण्याआधी वाकतो. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट कडक असला तरी ठिसूळपणा, गंज आणि आट्यांची लांबी वेगळी असते. भोकाच्या आत आटे आले की बोल्ट तिथूनच कापला जातो. आपल्याकडचे मिस्त्री हुशार आहेत, ठोकळे, जिग, साचे त्यांच्याकडून जरूर करून घ्या. पंख, शेपूट, नियंत्रण आणि इंजिनाचे माऊंट यांना मात्र कागदासह आलेलाच बोल्ट.

हाच न्याय नळ्यांना. ठिबकची किंवा पारदर्शक पीव्हीसीची नळी पेट्रोलला लावली तर ती काही दिवसांत कडक होऊन तडकते.

१६. नवा रंग दिल्यापासून शेपटीकडे थोडी थरथर जाणवते. रंगाचा काय संबंध?

ताबडतोब उडणं थांबवा. रडर, एलेव्हेटर, एलेरॉन या विमान वळवणाऱ्या हलत्या भागांचं वजन बिजागरीभोवती तोललेलं असतं. मागच्या कडेला रंगाचे थर चढले की तोल मागे जातो आणि विशिष्ट वेगाला तो भाग स्वतःहून फडफडू लागतो. ही फडफड सुरू झाली तर पंख किंवा शेपूट तुटायला काही सेकंद पुरतात. रंगानंतर प्रत्येक भाग काढून तोल पुन्हा घ्या, बिजागरीतली ढिलाई मोजा आणि पूर्ण विमानाचं वजन व गुरुत्वमध्यही नव्यानं काढा.

फायबरच्या विमानाला गडद रंग देऊ नका. आपल्या उन्हात गडद पृष्ठभाग इतका तापतो की घरी जमवलेलं रेझिन मऊ पडू लागतं.

केबलचा ताणही ऋतूप्रमाणे बदलतो. अॅल्युमिनियमचा सांगाडा स्टीलच्या केबलपेक्षा जास्त प्रसरण पावतो, म्हणून मेमध्ये केबल ताणलेल्या आणि जानेवारीत ढिल्या लागतात. ताण मोजताना तापमानही लिहा. केबलवरून फडका फिरवा. जिथे तो अडकेल तिथे तार तुटलेली आहे.

१७. लाकडी पंख्याचे बोल्ट दरवेळी ढिले का होतात?

लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं. मेमध्ये बोल्ट ढिले पडतात, आणि मेमध्ये कसलेले बोल्ट ऑगस्टमध्ये लाकूड चिरडतात. होळीच्या सुमारास, पाऊस लागल्यावर आणि दिवाळीनंतर टॉर्क रेंचनं तपासा. विमान उभं करताना पंखा आडवा ठेवा, नाहीतर ओल खालच्या पात्यात उतरते आणि तोल जातो.

१८. टायर सारखे पंक्चर होतात.

सराटे आणि बाभळीचे काटे. पट्टी झाडा, टायरात जाड अस्तर घाला. काळ्या मातीच्या पट्टीवर पावसाळ्यात चाकांची आवरणं काढून ठेवा. चिखल आत घट्ट बसून चाकच थांबवतो आणि विमान नाकावर जातं.

१९. टॅक्सी करताना (जमिनीवर चालवताना) पंखा गवतातल्या दगडाला किंचित लागला. इंजिन बंदही पडलं नाही. पंखा घासून चालेल ना?

पंख्याच्या पात्याला नुसती बारीक खाच असेल तर ती नियमाप्रमाणे घासता येते. पण आघातानं आरपीएम एकदम पडले असतील किंवा पंखा काढून दुरुस्त करावा लागणार असेल, तर ती इंजिनाची बाब झाली. लायकमिंगमध्ये क्रँकशाफ्ट आणि मागचे गिअर उघडून बघावे लागतात, इंजिन चालूच राहिलं असलं तरी. रोटॅक्सच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये घसरणारा क्लच असतो आणि तो काही धक्का शोषतो, तरी गिअरबॉक्स उघडून क्रँकशाफ्टचं डोलणं मोजावंच लागतं. तोवर वहीत "उड्डाणास अयोग्य" असं लिहा आणि कॉकपिटमध्ये चिठ्ठी अडकवा, म्हणजे घरातला दुसरा कोणी उडवणारा फसणार नाही.

२०. दुसऱ्यानं बांधलेलं विमान विकत घेतोय. आधी काय मागू?

आधी वही मागा, विमान नंतर बघा. बांधणीचे फोटो, रिवेट मारण्याआधीचे, कापड चढवण्याआधीचे. बंद झालेल्या जागेत काय आहे हे नंतर कोणी सांगू शकत नाही. शेवटचं वजन कधी झालं, इंजिनाच्या नळ्या कधीच्या, पेट्रोल कोणतं वापरलं. रिवेटभोवती काळे ओघळ दिसले तर ते ढिले आहेत. लाकडी पंखांच्या विमानात तळाची निचऱ्याची भोकं मोकळी आहेत का आणि आत कुजका वास येतो का, ते बघा. नोंदणी आणि परवाना तुमच्या नावावर होईपर्यंत (प्रश्न १) विमान ट्रकमधून आणा. पंख सोडवून, गाद्या लावून, आणि सुट्या भागांच्या पेट्या बांधणाऱ्याच्या समोर भरून घ्या.